समरमध्ये ऑर्गॅनिक केमिस्ट्री वन, सहा आठवड्यांत: घ्यायची का? (न्यू जर्सी, काउंटी कॉलेज)

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. पाचपैकी साडेतीन. लेक्चरला साडेचार, लॅबला अडीच, आणि कॉलेजचं ऑफिस अधिक ते ऑनलाइन होमवर्कचं सॉफ्टवेअर मिळून एक. सरासरी साडेतीन येत नाही हे मला माहितीये, पण लेक्चर इतकं भारी होतं की मी तिकडे झुकलेय. कॉलेजचं (काउंटी कॉलेज म्हणजे काउंटीचं, आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, कम्युनिटी कॉलेज) नाव लिहीत नाही, कारण तक्रारी पण करायच्यात आणि पुढची ऑर्गॅनिक टू मला तिथेच घ्यायचीये.

मी कोण, तर पुण्यातून आयटी इंजिनिअरिंग, काही वर्षं टेस्टिंगमध्ये नोकरी, मग लग्न होऊन इकडे एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा), मग मुलगा, आणि आता डोक्यात घेतलंय की पीए व्हायचं, म्हणजे फिजिशियन असिस्टंट. त्यासाठी सायन्सचे प्रीरेक्विझिट, म्हणजे आधी पूर्ण करायचे कोर्स, लागतात आणि ते इथल्याच कॉलेजमधून केलेले हवेत असं बहुतेक प्रोग्रॅम म्हणतात. आपली फर्स्ट इयर इंजिनिअरिंगची केमिस्ट्री, ज्यात पाण्याचा हार्डनेस, इंधनं आणि गंज शिकवतात, ती कोणी जमेस धरत नाही. त्यामुळे जनरल केमिस्ट्री वन आणि टू आधी केली, आणि मग पुढे ऑर्गॅनिक, म्हणजे कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री. काही पीए प्रोग्रॅमना थेट ऑर्गॅनिक लागते, काहींना बायोकेम चालते, पण बायोकेमला बसायचं तर आधी ऑर्गॅनिक लागतेच, म्हणजे सुटका नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं तू इंजिनिअर ना, मग परत बारावी कशाला करतेस?" तिला काय सांगणार. खरं तर अर्धी बारावीच आहे ती, फक्त वेगळ्या बाजूने शिकवलेली, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय कारण मला सगळ्यात जास्त मजा तिथे आली.

आता समरचं गणित. हे कोणी नीट सांगत नाही, सगळे नुसतं "हेक्टिक असतं हं" म्हणून सोडून देतात. रेग्युलर सेमिस्टर १५ आठवड्यांचं. चार क्रेडिटचा कोर्स, आठवड्याला साधारण ३ तास लेक्चर आणि ३ तास लॅब. म्हणजे एकूण ४५ अधिक ४५, नव्वद तास वर्गात. हेच सहा आठवड्यांत कोंबलं की आठवड्याला १५ तास झाले. सोमवार ते गुरुवार रोज दोन-दोन तास लेक्चर, आणि त्यातले दोन दिवस लेक्चर संपलं की सँडविच खाऊन पावणेचार तासांची लॅब. आता घरचा अभ्यास धरा. कॉलेजवाले स्वतःच सांगतात की एका क्रेडिटमागे आठवड्याला दोन ते तीन तास घरी करा, म्हणजे चार क्रेडिटला ८ ते १२ तास, पण ते पंधरा आठवड्यांच्या हिशोबाने. सहा आठवड्यांत तेच २० ते ३० तास होतात. वर्गातले १५ मिळवा. पस्तीस ते पंचेचाळीस तास! ही फुलटाइम नोकरी आहे हो, आणि पगार नाही उलट फी भरायची. आमच्या वर्गात दोघं असे होते जे नोकरी करून हे करत होते, त्यातला एक दुसऱ्या परीक्षेनंतर दिसला नाही, दुसरीने मॅनेजरला सांगून शिफ्ट कमी करून घेतल्या आणि पास झाली.

शिवाय सुट्ट्या. आपल्याला वाटतं चला जूनटीन्थची सुट्टी, चार जुलैची सुट्टी, तेवढाच श्वास. पण समरमध्ये तास मोजून बसवलेले असतात, त्यामुळे गेलेला तास शुक्रवारी भरून काढतात. आणि एक दिवस आजारी पडलात तर रेग्युलर सेमिस्टरचा अर्ध्याहून जास्त आठवडा गेला असं समजायचं. माझ्या मुलाला मध्येच ताप आला तेव्हा सासूबाई इथे होत्या म्हणून निभावलं, नाहीतर स्टीरिओकेमिस्ट्री (रेणूंच्या त्रिमितीय रचनेचा भाग) गेली असती आणि स्टीरिओकेमिस्ट्री गेली की पुढचं सगळंच गेलं.

सासूबाईंचा मुद्दा गमतीत घेऊ नका. इकडच्या कितीतरी मराठी घरांत मे ते ऑक्टोबर आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर येतात, आणि माझं ठाम मत आहे की लहान मुलं असलेल्या बाईने समर ऑर्गॅनिक घ्यायची असेल तर आधी त्यांचं तिकीट बुक करावं आणि मग कोर्सचं रजिस्ट्रेशन. डेकेअर सहाला बंद होतं, ऑर्गॅनिक बंद होत नाही.

वर्गात कोण कोण होतं तर बरीचशी पोरं मोठमोठ्या युनिव्हर्सिटीतली, सुट्टीत घरी आलेली, तिथे ऑर्गॅनिकची धास्ती घेऊन इकडे स्वस्तात आणि लहान वर्गात करून टाकू म्हणून आलेली. दोन नर्सेस. एक गुजराती मुलगी फार्मसीला जायचं म्हणून. आणि माझ्यासारख्या एक-दोन तिशी ओलांडलेल्या. वर्ग विशीच्या आसपास. हा समर आणि काउंटी कॉलेजचा खरा फायदा, कारण मोठ्या युनिव्हर्सिटीत ऑर्गॅनिकचं लेक्चर म्हणजे दोनशे-तीनशे जणांचं थिएटर असतं असं हीच पोरं सांगत होती. इथे सर प्रत्येकाला नावाने हाक मारून फळ्यावर बोलवायचे.

सर अ‍ॅडजंक्ट होते, म्हणजे तासावर नेमलेले. न्यू जर्सीत फार्मा कंपन्या इतक्या आहेत की असे निवृत्त किंवा अर्धनिवृत्त केमिस्ट शिकवायला मिळतात, आणि याचा फायदा असा की हा माणूस प्रत्येक रिअ‍ॅक्शन "ही मी खरंच केलीये, ही कागदावर छान दिसते पण फ्लास्कमध्ये डांबर होतं" अशा थाटात शिकवायचा. तोटा असा की अ‍ॅडजंक्टला स्वतःची केबिन नसते, ऑफिस अवर म्हणजे लेक्चरनंतर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या वीस मिनिटं, आणि लॅबच्या दिवशी तीही नाहीत. यात त्यांचा काही दोष नाही, कॉलेजचा आहे.

आता अभ्यासक्रम. पहिला आठवडा हायब्रिडायझेशन, रेझोनन्स, फॉर्मल चार्ज, अ‍ॅसिड-बेस. वाटतं की हे तर येतं आपल्याला. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पीकेएचे (प्रोटॉन किती सहज सुटतो त्याचं माप, आकडा लहान तितका सहज) मोजके आकडे पाठ करा, बाकी काहीही पाठ करू नका. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ४.७६, पाणी १५.७, टोकाची अल्काइन २५, अमोनिया ३८. मला वाटलं एवढंच? पण पुढे सहा आठवडे प्रत्येक प्रश्नात तेच आकडे कामी आले, कोण प्रोटॉन सोडणार, कुठला ग्रुप सहज निघून जाणार, कुठला बेस पुरेसा तगडा आहे, सगळं त्यातच. मग अल्केन, न्यूमन प्रोजेक्शन, सायक्लोहेक्झेनची खुर्ची. खुर्ची काढायला येणं हे एक वेगळंच कौशल्य आहे, माझी खुर्ची शेवटपर्यंत जरा लंगडीच दिसायची पण अ‍ॅक्सियल-इक्वेटोरियल बरोबर असलं की मार्क मिळतात.

मग स्टीरिओकेमिस्ट्री, आर आणि एस, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेल्या दोन रूपांची नावं. इथे मॉडेल किट घ्याच, वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, आणि कोणी म्हणालं की फोनवर थ्रीडी अ‍ॅप आहे तर त्यांचं ऐकू नका, हातात घेऊन फिरवल्याशिवाय डोक्यात जात नाही. आमच्याकडे त्यातल्या काळ्या कार्बनांचा मुलाने कुत्रा केला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मला तो कुत्रा मोडावा लागला, त्यावरून रडारड. पण हा भाग सरांनी फार सुंदर घेतला. लुई पाश्चरने १८४८ साली टार्टारिक अ‍ॅसिडच्या एका मिठाचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्याने एकेक करून वेगळे केले होते तिथून सुरुवात, मग कार्वोन, ज्याचा एक आरसा-भाऊ पुदिन्यासारखा वास देतो आणि दुसरा कॅरावेच्या बियांसारखा. फॉर्म्युला तोच, बॉंड तेच, नाकाला मात्र फरक कळतो. आणि थॅलिडोमाइड, गरोदर बायकांनी घेतलेलं ते औषध ज्यामुळे बाळं व्यंग घेऊन जन्मली. ते सगळीकडे असं सांगतात की एक रूप औषध आणि दुसरं विष, म्हणजे एकच रूप विकलं असतं तर काही झालं नसतं. सरांनी तिथेच थांबवलं आणि सांगितलं की शरीरात गेल्यावर ही दोन्ही रूपं एकमेकांत बदलतात, त्यामुळे शुद्ध रूप दिलं असतं तरी ती बाळं वाचली नसती. अमेरिकेत त्या काळी हे औषध बाजारात आलं नाही कारण एफडीएच्या (औषधांना मंजुरी देणारं तिथलं सरकारी खातं) फ्रान्सिस केल्सी यांनी १९६० मध्ये कागदपत्रं अपुरी म्हणून मंजुरी अडवून धरली. माझ्यासारख्या औषधं लिहून देण्याच्या धंद्यात जाऊ पाहणाऱ्या बाईला हे ऐकून जे वाटलं ते कुठल्या व्हिडिओतून वाटलं नसतं.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतं ते, ज्यासाठी ऑर्गॅनिक बदनाम आहे. एसएन-वन, एसएन-टू, ई-वन, ई-टू. एसएन म्हणजे सबस्टिट्यूशन, एका गटाची जागा दुसऱ्याने घेणं, ई म्हणजे एलिमिनेशन, गट निघून जाऊन डबल बॉंड होणं, आणि वन-टू म्हणजे वेग ठरवणाऱ्या पायरीत एक रेणू की दोन. ब्रिटनमध्ये इनगोल्ड आणि ह्यूज यांनी १९३० च्या दशकात लावलेली ही मांडणी, आणि आजही जगभरची पोरं त्यावर रात्री घालवतात.

महाराष्ट्र बोर्डाची बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाला हे आठवत असेल: अ‍ॅक्वियस (पाण्यातलं) केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दिसलं की सबस्टिट्यूशन, अल्कोहोलिक केओएच म्हणजे एलिमिनेशन. आमच्या क्लासच्या सरांनी हे इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की मला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं, आणि सीईटीला ते आलंही. पण का? हे कधी कोणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, बाणावर काय लिहिलंय ते बघायचं आणि उत्तर लिहायचं. इथे मात्र पहिलाच प्रश्न तो. पाण्यात हायड्रॉक्साइडला पाण्याचे रेणू चारही बाजूंनी चिकटून बसलेले असतात त्यामुळे तो बेस म्हणून मवाळ होतो, आणि इथेनॉलमध्ये केओएच टाकलं की थोडा हायड्रॉक्साइड इथेनॉलचा प्रोटॉन काढून इथॉक्साइड करतो, शिवाय तिथे एवढं घट्ट वेढलेलं कोणी नसतं, त्यामुळे बेसपणा वाढतो, त्यात गरम केलं की एलिमिनेशन पुढे जातं. झालं. पंधरा-सोळा वर्षं डोक्यात पडलेल्या एका ओळीला अचानक कारण मिळालं आणि मी वर्गात बसल्या बसल्या हसले, शेजारच्या पोराला वाटलं मला वेड लागलंय.

म्हणून सांगते, आपल्याकडच्या बारावीवाल्यांना हा कोर्स एकाच वेळी सोपा आणि अवघड जातो. सोपा यासाठी की नावं ओळखीची असतात, अल्कीन, अल्काइन, ओझोनोलिसिस, मार्कोव्हनिकोव्ह, कानावरून गेलेलं असतं. आपण तर त्यांच्यापेक्षा जास्त नावं घोकलेली असतात, वुर्ट्झ, सँडमायर, कॅनिझारो, रायमर-टीमन, इथल्या पोरांना यातली निम्मी ठाऊकही नसतात. पेरॉक्साइड टाकल्यावर एचबीआर उलट्या बाजूने लागतो त्याला आपण खराश इफेक्ट म्हणतो, इथे सरळ रॅडिकल अ‍ॅडिशन म्हणून मोकळे होतात. अवघड यासाठी की परीक्षेत नाव लिहून काही मिळत नाही. इलेक्ट्रॉन कुठून निघाला आणि कुठे गेला ते वक्र बाणांनी दाखवायचं, बाण अ‍ॅटमवरून निघाला तर मार्क कापले, बॉंडवरून किंवा लोन पेअरवरूनच निघायला हवा. पहिल्या परीक्षेत आम्हा देशी मंडळींचे मार्क बरोबर इथेच जात होते, त्या गुजराती मुलीचे आणि माझेही, दोघींचा प्रॉडक्ट बरोबर आणि बाण हवेत.

आणि एक सांगते, या भागात समरचा वेग चक्क फायद्याचा ठरतो. रेग्युलरमध्ये सोमवारी एसएन-टू शिकलात, मग बाकीचे तीन विषय, आणि पुढच्या सोमवारी एसएन-वन येईपर्यंत पहिलं पुसट झालेलं. समरमध्ये विसरायला वेळच नाही. सोमवारी एसएन-टू, मंगळवारी एसएन-वन, बुधवारी एलिमिनेशन, गुरुवारी चारही एकत्र: टर्शरी ब्रोमाइड आणि सोडियम इथॉक्साइड दिसलं की ई-टू, प्रायमरी ब्रोमाइड आणि अ‍ॅसिटोनमध्ये सोडियम आयोडाइड दिसलं की एसएन-टू, टर्ट-ब्युटॉक्साइड दिसला की तो अंगाने इतका आडवा की जवळचा सोपा प्रोटॉन काढून कमी फांद्यांची अल्कीन देणार. चारही डोक्यात एकदम ताजे असल्यामुळे तुलना आपोआप होते. पण तोच वेग रेझोनन्स आणि एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूची रचना ओळखायची पद्धत) बाबतीत मारतो, कारण त्या गोष्टी मुरायला दिवस लागतात, नुसते तास देऊन भागत नाही. एनएमआर आमचं शेवटच्या आठवड्यात उरकलं. उरकलंच. आयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने रेणूतले गट ओळखणं) तरी ठीक, १७१५ च्या आसपास टोकदार खोल पीक दिसला की कीटोन, ३३०० ला रुंद पोट दिसलं की ओएच, पण एनएमआरचं स्प्लिटिंग दोन लेक्चरमध्ये समजलं असं जो म्हणेल त्याला माझा साष्टांग नमस्कार.

लॅब. अडीच का दिले ते सांगते. प्रयोग वाईट नव्हते. बेन्झोइक अ‍ॅसिड रिक्रिस्टलाइझ करून मेल्टिंग पॉइंट काढणे, १२२ डिग्री यायला हवा, कमी आणि पसरट आला की अशुद्ध. टीएलसी, म्हणजे पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करणं. साधं आणि फ्रॅक्शनल डिस्टिलेशन. टर्ट-ब्युटाइल अल्कोहोलवर कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल ओतून सेपरेटरी फनेलमध्ये हलवून क्लोराइड करणे, म्हणजे एसएन-वन डोळ्यांसमोर, आणि नंतर बायकार्बोनेटने धुताना कार्बन डायऑक्साइडचा दाब होतो म्हणून सारखा कॉक उघडून हवा सोडायची, एका पोराने सोडली नाही आणि त्याचं स्टॉपर छतापर्यंत गेलं, सगळे गॉगलमध्ये होते म्हणून हसण्यावारी गेलं. आणि लवंगांचं स्टीम डिस्टिलेशन करून युजेनॉल काढणे. हा सगळ्यात आवडता. त्या दिवशी घरी आले तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "काय गं, दाढ दुखतेय का? लवंगेचं तेल लावलंस वाटतं." मी म्हणलं आई, मी ते तेल काढून आलेय. त्यांना खरं वाटेना, मग लॅब नोटबुक दाखवलं, आणि त्यांचा पुढचा प्रश्न, "किती निघालं?" लवंगा मूठभर, तेल काही थेंब. "बाजारात बाटली मिळते की," असं म्हणून त्या आत गेल्या. यील्ड या विषयावर माझ्या लॅब इन्स्ट्रक्टरचं मतही साधारण तेच होतं.

तर मग अडीच का? कारण घाई. आठवड्याला दोन लॅब म्हणजे दोन प्रीलॅब, दोन रिपोर्ट, आणि कधीकधी एका दिवसात दोन प्रयोग उरकलेले. स्फटिक सावकाश थंड होऊ द्यायचे असतात, आम्ही बर्फात कोंबले आणि मग शुद्धता कमी आली म्हणून रिपोर्टमध्ये चर्चा लिहिली. लॅबमध्ये जे शिकवतात ते लेक्चरच्या मागे-पुढे पळत असतं, म्हणजे टर्ट-ब्युटाइल क्लोराइड केला तेव्हा एसएन-वन हा शब्दही वर्गात आलेला नव्हता. एसी अधूनमधून बंद, जुलैत लॅबकोट, गॉगल आणि ग्लोव्हज घालून चार तास. मेल्टिंग पॉइंटची यंत्रं पुरेशी चालू नव्हती त्यामुळे रांग. एक मात्र चांगलं, सुरक्षेच्या बाबतीत फार कडक. आम्ही ज्युनिअर कॉलेजला पिपेट तोंडाने ओढायचो हे सांगितल्यावर इन्स्ट्रक्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पैसे. काउंटी कॉलेजमध्ये आपल्याच काउंटीत राहत असाल तर सगळ्या फी धरून मला हजार डॉलरच्या घरात पडलं. दुसऱ्या काउंटीतले असाल तर दर चढा असतो. युनिव्हर्सिटीच्या समर सेशनला याच्या दोन-तीन पट सहज. एच-फोरवर शिकता येतं, वेगळा आयट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) लागत नाही. एफ-वनवाल्यांनी (विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी) आपल्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारून घ्या, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

पुस्तकावर पैसे घालवू नका. मॅकमरीचं ऑर्गॅनिकचं पाठ्यपुस्तक, जे वर्षानुवर्षं महागड्या किमतीला विकलं गेलं, त्याची दहावी आवृत्ती २०२३ पासून ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या साइटवर पूर्ण फुकट आहे. लेखकाने सिस्टिक फायब्रोसिसने गेलेल्या आपल्या मुलाच्या आठवणीत ती खुली केली. आमच्या सरांनी तेच वापरलं. पण कॉलेजने ऑनलाइन होमवर्कसाठी जो कोड घ्यायला लावला तो शंभरावर डॉलरचा, आणि ते सॉफ्टवेअर म्हणजे छळ आहे. उत्तर बरोबर, स्ट्रक्चर बरोबर, पण ऑक्सिजनवर लोन पेअर काढायची राहिली म्हणून चूक. वेज बॉंडचं टोक उलट्या अ‍ॅटमला लागलं म्हणून चूक, आणि चूक काय ते सांगत नाही, नुसतं लाल. दर लेक्चरमागे एक होमवर्क, मुदत रात्री बारा. रात्री पावणेबाराला मी माऊसने षटकोन काढतेय आणि नवरा शेजारून म्हणतोय की झोप आता, ही माझ्या उन्हाळ्याची आठवण.

ऑफिसबद्दल एवढंच. क्लास सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ईमेल आला की पुरेसे विद्यार्थी नाहीत तर सेक्शन रद्द होऊ शकतो. तिकिटं काढलेली, सासूबाई आलेल्या. शेवटच्या क्षणी भरला. समरमध्ये हे सगळीकडे होतं म्हणतात, त्यामुळे जवळच्या दुसऱ्या कॉलेजचा सेक्शन बघून ठेवा. आणि पैसे परत मिळायची मुदत समरमध्ये फार छोटी असते, बहुतेक ठिकाणी पहिल्या एक-दोन दिवसांतच संपते, म्हणजे कोर्स किती जड आहे हे कळायच्या आतच.

युनिव्हर्सिटीतून सुट्टीपुरते येणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांची इथे वाढलेली मुलं असतील त्यांच्यासाठी: क्रेडिट ट्रान्सफर होणार का ते आधी लेखी घ्या. न्यू जर्सीत त्यासाठी एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे, कुठल्या कोर्सच्या बदल्यात कुठला धरतात ते तिथे दिसतं. काही युनिव्हर्सिट्या काउंटी कॉलेजचा दोनशे लेव्हलचा (दुसऱ्या वर्षाचा) ऑर्गॅनिक त्यांच्या तीनशे लेव्हलच्या (तिसऱ्या वर्षाच्या) बदल्यात धरायला कुरकुर करतात. आणि एक गैरसमज, पोरांना वाटतं की इथले मार्क तिकडच्या जीपीएत धरत नाहीत म्हणजे बी-मायनस आला तरी चालेल. तिकडच्या जीपीएत बहुतेक नाही धरत, पण मेडिकलचा एएमसीएएस आणि पीएचा कॅस्पा हे दोन्ही फॉर्म तुम्ही शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचे ग्रेड मागवतात आणि मोजतात. लपत काही नाही. काही मेडिकल स्कूल कम्युनिटी कॉलेजच्या सायन्सकडे जरा नाक मुरडून बघतात हेही खरं आहे, पीएवाले त्या मानाने समजूतदार.

फायनलला अमेरिकन केमिकल सोसायटीचा ठरलेला पेपर होता. ७० एमसीक्यू, ११० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. सीईटी दिलेल्यांना हा प्रकार घरचाच. इथली पोरं घाबरली होती कारण त्यांना बाण काढून पार्शल मार्क मिळवायची सवय, आणि मी उलट पहिल्यांदाच निवांत होते, पर्याय खोडत जायची आपली जुनी कला उपयोगी पडली. एकूण ए-मायनस आला. लॅबने खाली खेचला.

तर कोणी घ्यावी? ज्यांचा उन्हाळा खरोखर मोकळा आहे, जनरल केमिस्ट्री ताजी आहे, आणि घरी स्वयंपाक-मुलं यातलं निदान एक कोणीतरी उचलणारं आहे, त्यांनी खुशाल घ्या, वर्ग लहान, फी कमी, आणि मेकॅनिझम जसे डोक्यात बसतात तसे रेग्युलरमध्ये बसतील असं मला वाटत नाही. नोकरी करणाऱ्यांनी संध्याकाळचा फॉलचा (समरनंतरच्या रेग्युलर सेमिस्टरचा) सेक्शन घ्या. ज्यांना एमकॅट (मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा) द्यायचीये त्यांच्यासाठी, त्या परीक्षेत केमिस्ट्री-फिजिक्सच्या सेक्शनमध्ये ऑर्गॅनिक साधारण १५ टक्के आणि बायोलॉजीच्या सेक्शनमध्ये ५ टक्केच असते, त्यामुळे ऑर्गॅनिकच्या तयारीसाठी म्हणून एमकॅटच्या तोंडावर समर जाळू नका, ग्रेडसाठी घ्या. आणि वन झाल्या झाल्या दुसऱ्या समर सेशनमध्ये लगेच टू घ्यायचा विचार असेल तर, आमच्या वर्गातल्या तिघांनी घेतली, त्यातल्या एकीचा मेसेज आला होता की अल्डॉल आणि क्लेझन या रिअ‍ॅक्शनमधला फरक विचारू नकोस, मला आज वार कुठला तेही माहीत नाही. मी टू फॉलमध्ये घेतेय, आठवड्यातून दोन संध्याकाळी, सासूबाई परत जायच्या आत अर्धं सेमिस्टर पार पडेल.

समरचं रजिस्ट्रेशन आमच्याकडे मार्चच्या सुमारास उघडतं, लॅबच्या जागा मोजक्या असतात आणि युनिव्हर्सिटीची पोरं मे महिन्यात घरी आली की भराभर भरतात, तेव्हा जनरल केमिस्ट्रीचं ट्रान्सक्रिप्ट आधीच पाठवून ठेवा, नाहीतर सिस्टीम प्रीरेक्विझिट नाही म्हणून आत घेत नाही आणि तो होल्ड काढायला ऑफिसमध्ये जावं लागतं, जे शुक्रवारी समरमध्ये बंद असतं.